ड्यूकचा साबण, मार्क्विसची वखार

स्पॅनिश उमराव म्हटला की डोळ्यांपुढे येते काळी मखमल, गळ्याभोवती पांढरी चुणीदार कॉलर, कमरेला तलवार आणि व्यापाराविषयी कमालीचा तिटकारा. चित्रांनी आणि नाटकांनी ही प्रतिमा पक्की केली. जुनी दप्तरं उघडली की मात्र वेगळाच माणूस भेटतो. तो साबणाच्या कारखान्याचा मालक असतो, ट्यूना मासे खारवून विकतो, बाजारपेठेतल्या गाळ्यांचं भाडं खातो आणि राजधानी हलणार असल्याची कुणकुण लागली की आधी जाऊन जागा घेऊन ठेवतो. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या या घराण्यांचा दंडक साधा होता. गल्ल्यावर आपण बसायचं नाही. गल्ला आपला असायला मात्र काहीच हरकत नाही! या एका दंडकातून किती रंगतदार गोष्टी घडल्या, त्यांतल्या या काही निवडक.

राजधानी हलणार, जागा घ्या

लेर्माचा ड्यूक हा स्पेनचा राजा फेलिपे तिसरा याचा सर्वेसर्वा. राजाच्या सहीइतकंच त्याच्या शब्दाला वजन होतं. १६०१ च्या जानेवारीत दरबार माद्रिदहून वायादोलिदला हलवण्याचा हुकूम निघाला, त्यामागे लेर्माच होता. हुकूम निघण्याआधी, १६०० मध्ये, त्याने वायादोलिदमधला एक देखणा महाल विकत घेऊन ठेवला होता. काही पिढ्यांपूर्वी बादशहा कार्लोसचा चिटणीस फ्रान्सिस्को दे लोस कोबोस याने तो बांधला होता. दरबार आला, राजाला राहायला जागा हवी झाली आणि १६०१ संपता संपता लेर्माने तोच महाल राजाला विकला. नदीकाठची आपली बागही पुढे त्याने राजालाच विकली.

इकडे माद्रिद ओस पडलं. दरबाराच्या जिवावर चालणारी घरं रिकामी झाली, भाडी कोसळली, जागांचे भाव मातीमोल झाले. शहराच्या कारभाऱ्यांनी राजाची मनधरणी सुरू केली. दरबार परत आणाल तर अडीच लाख डुकाट देतो, शिवाय दहा वर्षं घरभाड्यांचा सहावा हिस्सा तुमचा, अशी त्यांची बोली होती. १६०६ मध्ये दरबार माद्रिदला परतला. पडलेल्या भावांच्या काळात लेर्माने माद्रिदमध्येही जागा घेतल्याचं त्या शहराच्या इतिहासात पुन्हा पुन्हा नोंदलेलं आहे. प्राडो रस्त्याच्या कडेला उभा राहिलेला त्याचा प्रशस्त वाडा पुढे मेदिनासेलीच्या ड्यूककडे गेला. पाच वर्षांत राजधानीच्या दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्ही टोकांना एकाच माणसाच्या जागा होत्या.

याच काळात, १५८० ते १६४०, पोर्तुगालचं सिंहासनही स्पेनच्याच राजाकडे होतं. म्हणजे लेर्माकडून महाल विकत घेणारा राजा आणि गोव्याचा राजा हा एकच माणूस!

लेर्माची सद्दी १६१८ मध्ये संपली. सत्ता जायच्या बेतात असताना त्याने रोमहून कार्डिनलपद मिळवलं, त्या लाल वस्त्रांनी त्याचा जीव वाचवला. त्याचा उजवा हात रोद्रिगो काल्देरोन, सिएते इग्लेसियासचा मार्क्विस, याला मात्र १६२१ मध्ये माद्रिदच्या प्लाझा मायोरमध्ये सर्वांसमक्ष मृत्युदंड दिला गेला.

अर्धं घर राजाचं

माद्रिदला १५६१ मध्ये फेलिपे दुसऱ्याने दरबार आणला, तेव्हा गावाची वस्ती वीसेक हजारांची. कारकून, न्यायाधीश, पहारेकरी, वकील, राजदूत, त्यांचे नोकरचाकर, एवढी सगळी माणसं ठेवायची कुठे? जुना हक्क होता: दरबार जिथे मुक्काम करेल तिथल्या घरमालकाने अर्धं घर दरबारच्या माणसाला राहायला द्यायचं. फिरत्या दरबाराच्या काळात हा त्रास चार दिवसांचा असायचा. दरबार कायमचा मुक्कामाला आल्यावर ते अर्धं घर कायमचंच गेलं.

माद्रिदकरांनी यावर जो तोडगा काढला तो बांधकामाच्या इतिहासात अजोड आहे. हक्क लागू व्हायचा ते घर दोन कुटुंबांत वाटता येण्याजोगं असेल तर. मग घर असं बांधायचं की ते वाटताच येऊ नये, निदान तसं दिसू तरी नये. रस्त्याकडून पाहिलं तर एकमजली बैठं घर. छपराचा उतार असा काढलेला की त्याच्या आड मागच्या बाजूला चढवलेला मजला लपून जाई. खिडक्या कुठेही, कशाही, एक वर एक खाली, म्हणजे बाहेरून मजले मोजणाऱ्याचा हिशेब चुकलाच पाहिजे. अशा घरांना लोक उघडपणे ‘कपटाची घरं’ म्हणत. सोळाव्या शतकात माद्रिदची वस्ती झपाट्याने वाढत गेली, तरी रस्ते ठेंगणे दिसत राहिले, त्याला हेही एक कारण. जुन्या माद्रिदच्या कायये दे लोस मांसेबोसवर असं एक घर आजही उभं आहे. त्याच्या विस्कळीत खिडक्या पाहिल्या की बांधणाऱ्याचा हेतू लगेच कळतो.

बड्या उमरावांना हा लपाछपीचा खेळ खेळायची गरज नव्हती. ते सरळ रक्कम भरून किंवा राजाची मर्जी मिळवून सूट घेत आणि ती सूट घराला कायमची चिकटे. सूट असलेलं घर आणि नसलेलं घर यांच्या किमतीत अर्थातच मोठा फरक. म्हणून माद्रिदमध्ये जागा घेताना विटा आणि लाकूड पाहण्याआधी माणूस कागद पाहायचा. वाटणी करता न येणाऱ्या घरांनाही पूर्ण माफी नव्हतीच. त्यांच्या भाड्याचा एक हिस्सा रोखीने दरबाराकडे जाई.

या कराचा हिशेब नीट लागावा म्हणून १७४९ पासून शहरातलं घर न् घर मोजायला सुरुवात झाली. त्यातून माद्रिदच्या ५५७ चौकटींचे तपशीलवार नकाशे तयार झाले. प्रत्येक जागेचा मालक कोण, आधी कोण होता, सूट कधी मिळाली, सगळं त्यात आहे. उमराव, मठ आणि देवस्थानं यांच्या हातात किती शहर होतं हे आज अभ्यासकांना कळतं ते या करवसुलीच्या वह्यांमुळे.

सकाळ मालकाची, दुपार राजाची

प्लाझा मायोर १६१९ मध्ये बांधून पूर्ण झाला. चारी बाजूंनी एकसारखी उंच घरं, प्रत्येक मजल्याला सलग सज्जे. बैलझुंज किंवा शाही सोहळा असला की हे सज्जे म्हणजे सोन्याच्या खाणी. पण घर ज्याचं सज्जा त्याचाच असं नव्हतं. सकाळच्या खेळाला मालकाने आपली माणसं बसवावीत. दुपारचा मुख्य खेळ सुरू झाला की सज्ज्यांचं वाटप राजदरबार करी आणि उमराव, मंत्री, राजदूत आपापल्या मानाप्रमाणे येऊन बसत. खालचा सज्जा सगळ्यांत महाग, वर वर जावं तसा दर उतरे.

ट्यूनाचा ड्यूक

मेदिना सिदोनियाचे ड्यूक म्हणजे आंदालुसियातलं सर्वांत श्रीमंत घराणं. त्यांच्या वैभवाला खाऱ्या माशांचा वास होता.

दर उन्हाळ्याच्या तोंडाला ट्यूनाचे प्रचंड थवे अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरतात आणि कादिझच्या किनाऱ्याला घासून जातात. तिथे जाळ्यांचा चक्रव्यूह लावून ते पकडायची पद्धत फार जुनी. तेराव्या शतकाच्या अखेरीस या घराण्याचा मूळपुरुष गुझमान एल बुएनो याला या मासेमारीचा एकाधिकार मिळाला आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत घराण्यात टिकला. पाचशेहून जास्त वर्षं! कोनिल आणि साआरा ही त्यातली दोन मोठी ठाणी. साआराला ड्यूकने बांधलेली इमारत बघण्यासारखी आहे. ती किल्ला होती, कारण समोरून कधीही चाचे येत. ती मासे कापायचा आणि मिठात घालायचा कारखाना होती. आणि हंगामात ड्यूकसाहेब सहकुटुंब उतरत ते निवासस्थानही तीच. मासे खारवण्याच्या कामाला देशभरचे उनाड, पळालेले, पोटार्थी येऊन जमत. सर्व्हांतेसने आपल्या एका कथेत साआराच्या या मासळीतळाचा उल्लेख भामटेगिरीचं सर्वोच्च विद्यापीठ असावं अशा थाटात केला आहे.

मासे पिंपांत भरून जात आणि घराण्याच्या सानलुकार बंदरात परदेशी गलबतं उभी असत. १५१७ मध्ये ड्यूकने इंग्रज व्यापाऱ्यांना सानलुकारमध्ये खास सवलती दिल्या, वर संत जॉर्जचं देऊळ बांधायला जागाही दिली. व्यापारी रमला तर जकात वाढते हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

इतकं असूनही सातव्या ड्यूकच्या हातात रोकड नव्हती. इंग्लंडवर चाल करून जाणाऱ्या आरमाराचं नेतृत्व त्याच्या गळ्यात पडलं, तेव्हा फेब्रुवारी १५८८ मध्ये त्याने राजाच्या चिटणिसाला एक विलक्षण प्रामाणिक पत्र लिहिलं. आपल्याला समुद्र मानवत नाही, गलबतावर आजारी पडतो, आरमारी युद्धाचा अनुभव नाही, आणि आपल्या घराण्यावर नऊ लाख डुकाटांचं कर्ज आहे, त्यामुळे या मोहिमेवर एक छदामही खर्च करता येणार नाही. राजाने ऐकलं नाही. आरमाराचं पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. त्या पत्रातला प्रत्येक शब्द खरा होता.

साबणावर उभा महाल

सेव्हिलची ‘पिलातची हवेली’ पाहायला आज जगभरचे पर्यटक जातात. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या चित्रपटात ती दिसते. तारिफाचा पहिला मार्क्विस फाद्रिके एन्रिकेझ दे रिबेरा १५१८ ते १५२० मध्ये जेरुसलेमची यात्रा करून आला, वाटेत इटली डोळे भरून पाहिली आणि परतल्यावर जेनोव्हाच्या कारागिरांकडून संगमरवराचं प्रवेशद्वार घडवून घेतलं. खांब, कारंजी, रंगीत फरशांच्या भिंती, हे सगळं कुठल्या पैशातून?

जमिनी होत्याच. शिवाय या घराण्याकडे साबणाचा मक्ता होता. सेव्हिल आणि आसपासच्या मुलखात साबण करायचा आणि विकायचा तर त्यांच्याच परवानगीने. नदीपलीकडच्या त्रियानात त्यांचे साबणाचे कारखाने होते. दोन गोष्टींची चैन होती: आंदालुसियाचं ऑलिव्हचं तेल आणि खारपट जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख. या दोहोंपासून झालेला पांढरा, घट्ट, सुवास न मारलेला साबण अमेरिकेला जाई, इंग्लंडला जाई. जगभर ‘कॅस्टील साबण’ म्हणून जी जात ओळखली जाते तिच्या कुळातला हा माल.

आणि इथेच तो दंडक पाहा कसा चालतो. मार्क्विस स्वतः कढईजवळ जात नसे. कारखाना मक्त्याने द्यायचा, मक्तेदार व्यापारी (त्यांत जेनोव्हाचे इटालियनही असत) वर्षाची ठरलेली रक्कम भरायचा, नफा-तोटा त्याचा. कागदोपत्री मार्क्विसला मिळायचं ते ‘हक्काचं उत्पन्न’. साबणाचा फेस त्याच्या बोटाला कधीच लागला नाही, म्हणून प्रतिष्ठेलाही डाग लागला नाही.

कोलंबस आमच्याकडे राहिला होता!

कोलंबस नवी भूमी पाहून परतल्याची बातमी पसरली तेव्हा मेदिनासेलीचा पहिला ड्यूक लुईस दे ला सेर्दा याने १९ मार्च १४९३ रोजी कार्डिनल मेंदोसाला पत्र लिहिलं. हा माणूस दोन वर्षं माझ्या घरी राहिला, असं त्याने त्यात सांगितलं. तीन-चार गलबतं देऊन मीच त्याला धाडणार होतो, पण काम राणीच्या योग्यतेचं वाटलं म्हणून तिच्याकडे पाठवला. पत्राचा शेवट तर अस्सल व्यापाऱ्याचा आहे. या उपकाराची आठवण ठेवून दरवर्षी माझी काही गलबतं त्या नव्या मुलखात जाऊ द्यावीत, अशी त्याची विनंती. मोहीम परतून पंधरवडाही उलटला नव्हता. मेदिनासेलीकडे एल पुएर्तो दे सांता मारिया हे बंदर होतं आणि नव्या व्यापाराचा नाका तिथे पडला तर काय होईल, याचा अंदाज त्याला बाकीच्या स्पेनच्या आधी आला होता.

चित्र विकलं नाही ना?

सांतियागोच्या सरदारी पंथात प्रवेश हवा तर उमेदवार खानदानी असला पाहिजे आणि त्याने किंवा त्याच्या वडिलांनी दुकान चालवलेलं नसलं पाहिजे. सावकारी पेढीही नको. राजचित्रकार वेलाझ्केझला ते लाल क्रूसाचं चिन्ह मनापासून हवं होतं. १६५८ मध्ये चौकशी सुरू झाली. चौकशी अधिकारी पोर्तुगालच्या सीमेवर गेले, सेव्हिलला गेले, माद्रिदमध्ये फिरले. १४८ साक्षीदार तपासले. त्यांत झुर्बारान आणि आलोन्सो कानो हे नावाजलेले चित्रकारही होते. याने कधी दुकान मांडलं का, पैसे घेऊन चित्रं विकली का, असा प्रश्न. साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं: नाही, राजासाठी आणि स्वतःच्या आनंदासाठीच काढतो.

दुकानाचा प्रश्न सुटला, पण आजोबा-पणजोबांचं खानदान सिद्ध होईना. शेवटी राजाने पोपकडून सूट आणवली आणि २८ नोव्हेंबर १६५९ रोजी वेलाझ्केझ सरदार झाला. काही महिन्यांतच त्याचा मृत्यू झाला. ‘लास मेनिनास’ हे चित्र १६५६ चं. त्यात त्याच्या छातीवर दिसणारा लाल क्रूस नंतर रंगवलेला आहे.

हे सगळं वाचताना मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. युरोपातला त्या काळचा सर्वांत मोठा चित्रकार, आणि आपण चित्रं विकत नाही हे सिद्ध करण्यात त्याची शेवटची वर्षं गेली.

घाऊक व्यापाराला मात्र हा नियम तितका जाचत नसे. सेव्हिलहून अमेरिकेला जहाजभर दारू, तेल, कापड पाठवणारा उमराव हा उमरावच राहायचा. फुटकळ विक्री, गजाने कापड मोजणं, हे कमीपणाचं. सेव्हिलमध्ये राहिलेला धर्मपंडित तोमास दे मेर्कादो याने १५६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हे नेमकं टिपलं आहे: अमेरिकेच्या सोन्याने सरदार व्यापाऱ्यांशी सोयरिकी करू लागले आणि व्यापारी सरदारांसारखे वाडे आणि जहागिरी करू लागले. मान्यारा घराणं हे त्याचं ठसठशीत उदाहरण. वडील कॉर्सिकाहून आलेले व्यापारी, मुलगा मिगेल मान्यारा कालात्रावा पंथाचा सरदार आणि सेव्हिलच्या कारिदाद रुग्णालयाचा मोठा आश्रयदाता.

१३ डिसेंबर १६८२ च्या फर्मानाने सरकारनेच स्पष्ट केलं की रेशीम, लोकर, कापड यांचे कारखाने ठेवल्याने खानदानीपणाला बाधा येत नाही, फक्त स्वतः मागावर बसू नये. बास्क मुलखात तर सगळा गोंधळच वेगळा. गिपुस्कोआ आणि बिस्काया इथे जन्मलेला प्रत्येक माणूस जन्मानेच खानदानी मानला जाई. लोहार खानदानी, चांभार खानदानी, गलबत बांधणारा सुतारही खानदानी. १७२८ मध्ये काराकासच्या कोकोचा व्यापार करायला तिथे मोठी कंपनी उभी राहिली, तिच्या मागे पेन्याफ्लोरिदाचा काउंट होता आणि कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत.

विकता येत नाही, मग गहाण

एवढी मालमत्ता असलेल्या घराण्यांवर एवढी कर्जं का? कारण बहुतेक मिळकत थोरल्या वारसाच्या नावाने बांधून टाकलेली असे. १५०५ च्या तोरोच्या कायद्यांनी या पद्धतीला पक्कं रूप दिलं. अशी मिळकत विकता येत नसे, तुकडे करता येत नसत, मालक म्हणजे फक्त हयातीतला वहिवाटदार. पैशांची गरज पडली की राजाची खास परवानगी काढून त्या उत्पन्नावर कर्ज उभारायचं. कर्ज देणारा दरवर्षी ठरलेली रक्कम घेत राही, मुद्दल परत करायची मुदत नसे. कर्ज देणाऱ्यांत मठ, विधवा, डॉक्टर, व्यापारी सगळे. १५६३ मध्ये या कर्जाचा दर सव्वासात टक्क्यांच्या आत बांधला गेला, १६०८ मध्ये तो पाचवर आला आणि १७०५ मध्ये कास्तिलमध्ये तीनवर. दर उतरला की कर्जबाजारी ड्यूक सुटकेचा निःश्वास टाकत आणि मठांच्या जोगिणींची चूल थंडावे.

या व्यवहारातून जहागीरही मिळू शकते, हे कवी फ्रान्सिस्को दे केवेदोने दाखवलं. त्याच्या आईचा पैसा तोर्रे दे हुआन आबाद या गावाच्या कर्जात गुंतला होता. गावाला फेड जमेना. वर्षानुवर्षं खटले चालले आणि त्यातून केवेदो त्या गावाचा ‘स्वामी’ म्हणवू लागला. गावकऱ्यांनी ते शेवटपर्यंत मनापासून मानलं नाही.

त्याच केवेदोने माद्रिदमध्ये एक घर विकत घेतलं. त्यात भाड्याने राहत होता त्याचा कट्टर वैरी, कवी लुईस दे गोंगोरा. दोघांनी एकमेकांवर विषारी कविता लिहिल्या होत्या. १६२५ च्या सुमाराला नव्या मालकाने थकबाकीदार म्हाताऱ्या कवीला घराबाहेर काढलं, असं सांगतात. गोंगोरा १६२७ मध्ये जन्मगावी कोर्दोबात वारला. आज त्या रस्त्याला केवेदोचं नाव आहे.

समुद्रापारची भाडी

मेक्सिको जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसला १५२९ मध्ये ओआहाका खोऱ्याचा मार्क्विस ही पदवी मिळाली. मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात त्याने दोन प्रचंड वाडे उठवले. रस्त्याच्या बाजूला गाळे काढले, ते व्यापाऱ्यांना भाड्याने दिले. विजेत्याच्या वाड्याखाली दुकानं, ही जोडी त्या शहरात पुढे कित्येक पिढ्या चालली. त्याचा मुलगा मार्तिन याने १५६२ मध्ये एक वाडा सरकारला विकला. तिथे व्हाइसरॉय राहायला आले, आज तिथे मेक्सिकोचा राष्ट्रीय प्रासाद आहे. दुसऱ्या वाड्याच्या जागेवर एकोणिसाव्या शतकापासून गरिबांना दागिने ठेवून कर्ज देणारी ‘मोंते दे पिएदाद’ ही प्रसिद्ध संस्था आहे.

कोर्तेसच्याही आधी, १५०२ मध्ये, निकोलास दे ओवांदो हिस्पानियोला बेटाचा गव्हर्नर होऊन आला. कासेरेसच्या ज्या घराण्यात तो जन्मला त्याची गोष्ट मजेशीर आहे. राणी इसाबेलने त्या शहरातल्या उमरावांच्या घरांवरचे बुरूज छाटायचा हुकूम काढला, कारण त्यांतून ते एकमेकांवर बाण सोडत. एकट्या ओवांदोंचा बुरूज राणीच्या बाजूने लढल्याबद्दल पूर्ण उंचीचा राहिला आणि आजही आहे. निकोलासने त्या बेटावरच्या सांतो दोमिंगोत दगडी घरांची रांग उठवली. त्यातल्या त्याच्या घरात आज हॉटेल आहे.

गच्चीवरून जहाजं मोजणारं शहर

आता कादिझ. १७१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापाराचं सरकारी ठाणं सेव्हिलहून इथे आलं आणि या चिंचोळ्या खडकावर पैशांचा पाऊस पडला. इथल्या व्यापारी-उमरावाचं घर म्हणजे व्यवसायाचा उभा छेद. तळमजल्यावर वखार: साखर, कोको, कातडी, निळीचा रंग. तिथल्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं, कारण बेटवजा शहरात गोडं पाणी दुर्मीळ. मधल्या बुटक्या मजल्यावर पेढी, तिथे कारकून हिशेब लिहीत. त्यावरच्या उंच, देखण्या मजल्यावर कुटुंब. सगळ्यांत वर नोकर. आणि गच्चीवर मनोरा.

मनोऱ्यावरून येणारी जहाजं दिसत, निशाणांची खूण करता येई. आपलं जहाज दुसऱ्याच्या आधी दिसलं तर बाजारात भाव आधी ठरवता येई. अठराव्या शतकात असे मनोरे १६० च्या आसपास होते आणि आजही शंभराहून जास्त उभे आहेत. सर्वांत उंच तावीरा मनोरा रेकान्योच्या मार्क्विसांच्या वाड्यावर आहे. १७७८ मध्ये तो बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला आणि पहिला टेहळ्या आंतोनियो तावीरा याचंच नाव त्याला चिकटलं. एका घरावर तर चार मनोरे आहेत. त्याचा मालक हुआन क्लात दमास्कसचा, सिरियाहून आलेला व्यापारी. एका मोठ्या इमारतीचे त्याने चार दरवाज्यांचे चार हिस्से पाडले आणि प्रत्येकाला एकेक मनोरा दिला.

मला विचाराल तर स्पेनमध्ये घर आणि व्यापार यांचं नातं सर्वांत मोकळेपणाने दिसतं ते इथेच. माद्रिदमध्ये मजले लपवायचे, कादिझमध्ये वर चढवून मिरवायचे.

कारखानदार मंडळी, झटपट

एबोलीचा प्रिन्स रुय गोमेझ याने ग्रानादाहून हाकललेले मोरिस्को आपल्या पास्त्राना गावी वसवले, रेशीम विणायला. त्यांच्या वस्तीला अजून आल्बाइसिन म्हणतात. बेहारच्या ड्यूकांनी आपल्या गावात रंगाई स्वतःकडे ठेवली आणि १६९१ मध्ये लोकर विणायला फ्लँडर्सचे कारागीर आणले. ‘दोन किहोते’चा पहिला भाग ज्याला अर्पण केला आहे, तो याच घराण्यातला ड्यूक. आरांदाच्या नवव्या काउंटने १७२७ मध्ये आल्कोराला चिनीमातीचा कारखाना काढला आणि फ्रान्सहून उस्ताद बोलावले. त्या बशा आज संग्रहालयांत आहेत.

हुआन दे गोयेनेचे हा तर आठवणीत राहावा असा गृहस्थ. नावार्राचा खानदानी, दरबाराचा खजिनदार, ‘गासेता’ या वृत्तपत्राचा मालक. माद्रिदजवळ त्याने वास्तुकार चुरिगेराकडून नुएवो बास्तान नावाचं अख्खं गाव आखून घेतलं: मधे महाल आणि चर्च, भोवती कामगारांची घरं आणि काच, कापड, टोप्या यांचे कारखाने. माद्रिदमधला त्याचा वाडा १७७३ मध्ये सान फेर्नांदो कला अकादमीने घेतला आणि आज तिथे गोयाची चित्रं लागलेली आहेत.

पुढे काय झालं

एकोणिसाव्या शतकात वारसाची बांधलेली मिळकत मोकळी करणारे कायदे आले आणि जे शतकानुशतकं विकता येत नव्हतं ते बाजारात आलं. लेर्माने उठवलेला, पुढे मेदिनासेलींचा झालेला माद्रिदचा वाडा पाडला गेला आणि १९१२ मध्ये तिथे पॅलेस हॉटेल उघडलं. बार्सेलोनाच्या मोंतकादा रस्त्यावरचे पाच जुने वाडे जोडून पिकासो संग्रहालय झालं. सेव्हिलचा आल्बा घराण्याचा दुएन्यास वाडा खोल्या पाडून भाडेकरूंना दिला गेला. त्यांतल्याच एका भाडेकरूच्या घरी १८७५ मध्ये कवी आंतोनियो माचादो जन्मला. २०१६ पासून दुएन्यास आणि २०१९ पासून माद्रिदचा लिरिया प्रासाद तिकीट काढून कुणालाही पाहता येतो. दोन्ही वाडे अजून आल्बा घराण्याकडेच आहेत.